हिवाळ्यातलं छोटं शेत आणि कॅथोलिक घर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थोडी जमीन, दोन-चार जनावरं, घरात मुलं, एखादं म्हातारं माणूस, आणि चर्च पायी जाण्याइतकं जवळ नाही. अशा घरांतून दर हिवाळ्यात जे प्रश्न येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी आणि अडचणीचे नंतर. एका उत्तराचा धागा दुसरीकडे असेल तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. कोणत्या सणाला मिस्सा (चर्चमधली मुख्य सामूहिक उपासना) बंधनकारक आणि शुक्रवारी काय पाळायचं, यात प्रत्येक देशाची बिशप परिषद काही बदल करू शकते. म्हणून आपल्या धर्मप्रांताची दिनदर्शिका भिंतीवर असू द्या.

१. हिवाळ्यात चर्चचे कोणते काळ आणि सण येतात?

सुरुवात आगमनकाळाने होते. नाताळच्या आधीचे चार रविवार मोजायचे. पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या मध्ये कुठेतरी पडतो. २०२६ साली तो २९ नोव्हेंबरला आहे. ८ डिसेंबरला मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाचा सण, २५ ला नाताळ. पुढचे दिवस भराभर येतात: २६ ला संत स्टीफन, २७ ला संत योहान, २८ ला हेरोदाने मारलेली निष्पाप बालकं, १ जानेवारीला देवमाता मरिया, ६ जानेवारीला प्रभुप्रकटन, म्हणजेच तीन राजांचा सण. प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणाबरोबर नाताळकाळ संपतो.

त्यानंतरचे तीन दिवस शेतकऱ्याने लक्षात ठेवण्यासारखे आहेत. १७ जानेवारी हा संत अँथनी मठाधिपतींचा, पाळीव जनावरांच्या पालकाचा दिवस. २ फेब्रुवारीला, नाताळपासून चाळिसाव्या दिवशी, प्रभूचं मंदिरात समर्पण आणि मेणबत्त्यांचा आशीर्वाद. ३ फेब्रुवारीला संत ब्लेझ आणि घशाचा आशीर्वाद. राखेचा बुधवार ४ फेब्रुवारीइतका लवकर किंवा १० मार्चइतका उशिरा येऊ शकतो. त्यामुळे बहुतेक वर्षी प्रायश्चित्तकाळाचं, म्हणजे त्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतच्या काळाचं, तोंड थंडीतच लागतं.

२. एवढं सगळं पाळायचं कसं? आम्ही दोघंच आहोत, मुलं लहान आहेत आणि जनावरांचं वेगळंच.

सगळं पाळायचं नसतं. चर्चने बंधनकारक केलेल्या गोष्टी मोजक्या आहेत: रविवार आणि ठरलेल्या सणांची मिस्सा, शुक्रवारचं प्रायश्चित्त, वर्षातले दोन उपास (प्रश्न ९), वर्षातून एकदा तरी गंभीर पापांचं निवेदन आणि पुनरुत्थानकाळात (ईस्टरच्या दिवसांत) ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर. मेणबत्त्यांचं चक्र, गव्हाणी (येशूजन्माचा देखावा), घराच्या दारावरचा खडू (प्रश्न १४), नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) हे सगळं सुंदर आहे, पण ऐच्छिक आहे.

माझं स्पष्ट मत असं की नव्या घराने एका हिवाळ्यात दोनच प्रथा धराव्यात, एक आगमनकाळातली आणि एक नाताळकाळातली. त्या दोन मात्र कोणी आजारी असो, पाहुणे असोत, चुकवू नयेत. मुलांना ठसतं ते दरवर्षी परत येणारं. दुसऱ्यांची सजवलेली घरं बघून पंधरा प्रथा एकदम उचलल्या, तर जानेवारी उजाडेपर्यंत त्यांचं ओझं होतं, आणि ते ओझं बहुतेक वेळा घरातल्या आईच्या डोक्यावर बसतं. तिला विचारल्याशिवाय नवी प्रथा सुरू करू नका.

३. पहाटे अंधारात धार काढायची, संध्याकाळी पुन्हा गोठा. प्रार्थना कधी करायची?

गोठ्यातच. शेतकऱ्याच्या दिवसाला दोन खुंटे आधीपासूनच ठोकलेले आहेत, पहाटेची आणि संध्याकाळची धार. प्रार्थना त्यांनाच बांधा. दूत संदेशाची प्रार्थना, आंजेलुस, परंपरेने सकाळी सहा, दुपारी बारा आणि संध्याकाळी सहाला म्हणतात. यांतल्या दोन वेळा गोठ्याच्याच आहेत. ती पाठ असते, पुस्तक लागत नाही आणि दिवाही लागत नाही.

रोझरीची, म्हणजे मरियेच्या जपाची, माळ गोठ्यात नेऊ नका, शेणात पडते आणि दावणीत अडकते. दहा बोटं पुरतात. धार काढताना हात गुंतलेले असतील तर मनातल्या मनात मोजा. गाय शांत उभी असते, कासंडीत दुधाचा आवाज एका लयीत येत असतो, आणि दहा ‘नमो मरिया’ त्याच लयीत म्हणून होतात. आमच्या घरात सगळ्यांत स्थिर प्रार्थना इथेच झाली आहे.

जेवणानंतरची कुटुंबाची रोझरी ही हिवाळ्याची खास देणगी. उन्हाळ्यात आणि सुगीत माणसं उशिरापर्यंत शेतावर असतात, एकत्र बसणं होत नाही. आता अंधार लवकर पडतो आणि सगळे एका खोलीत येतात. पाचही रहस्यं (दहा-दहा ‘नमो मरिया’चे पाच भाग) जमत नसतील तर एक घ्या. लहान मूल मांडीवर झोपलं तर झोपू द्या.

४. रविवारी शेतातलं काम करणं पाप आहे का?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो. विचारणाऱ्यांपैकी अनेक जण वर्षानुवर्षं मनात अपराधीपणा घेऊन जगतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कॅनन लॉच्या, म्हणजे चर्चच्या कायद्याच्या, १२४७ व्या कलमात दोन गोष्टी सांगितल्या आहेत: मिस्सेत भाग घ्यायचा, आणि देवाची उपासना, त्या दिवसाचा आनंद व शरीर-मनाची विश्रांती यांच्या आड येणारी कामं टाळायची. ‘हात लावायचा नाही’ असं त्यात कुठेही नाही. जनावरांना वैरण-पाणी देणं, धार काढणं, शेण काढणं, अंडी गोळा करणं, आजारी वासराला औषध पाजणं ही कामं रविवारीही करायचीच आहेत. ती न करणं हीच चूक ठरेल. सडाची धार एक वेळ जरी चुकली तरी गाईला त्रास होतो, आणि नीतिसूत्रांत म्हटलं आहे की नीतिमान माणूस आपल्या पशूच्या जिवाची काळजी घेतो.

प्रभू येशूने स्वतः नेमकं हेच उदाहरण दिलं आहे. लूकच्या शुभवर्तमानात, तेराव्या अध्यायात, शब्बाथ दिवशी एका वाकलेल्या स्त्रीला त्याने बरं केलं म्हणून सभास्थानाचा अधिकारी चिडतो. तेव्हा येशू विचारतो, तुमच्यातला प्रत्येक जण शब्बाथ दिवशीही आपला बैल किंवा गाढव गव्हाणीपासून सोडून पाण्यावर नेतोच ना? ऐकणाऱ्यांपैकी कोणालाच त्यात वावगं वाटलं नाही. जनावराला पाणी दाखवणं हे शब्बाथच्या विरोधात नाही, हे तिथे गृहीतच आहे.

दुसरी बाजूही तितकीच खरी. निर्गमाच्या तेविसाव्या अध्यायात सातव्या दिवसाची विश्रांती सांगताना बैल आणि गाढव यांची नावं घेतली आहेत: त्यांनाही विसावा मिळावा म्हणून हा दिवस. म्हणजे रविवार तुमच्या जनावरांचाही आहे. त्या दिवशी औताला किंवा गाडीला बैल जुंपू नका. गोठ्यातलं आवश्यक तेवढं उरका, बाकी सोमवारी.

५. पण लाकूड फोडणं, कुंपण दुरुस्त करणं, फळझाडांची छाटणी? हिवाळ्यात हीच कामं असतात.

नेमकी हीच कामं थांबू शकतात. झाडं सुप्तावस्थेत असतात. छाटणीला एका दिवसाने काही फरक पडत नाही. लाकूड शनिवारी दुपारी फोडून आत आणून ठेवा. शनिवारचं हे काम ही रविवारची तयारीच आहे, आणि मुलांना ते तसं सांगितलं की त्यांनाही त्यात चव येते.

मी स्वतःला एक प्रश्न विचारते: हे आज केलं नाही तर उद्यापर्यंत कोणाला, माणसाला किंवा जनावराला, इजा होईल का? कुंपण तुटून गुरं रस्त्यावर जात असतील, तर आत्ता बांधा. पाण्याची नळी गोठून फुटली, तर आत्ता दुरुस्त करा. खांब नुसता कलला असेल, तर उद्या. कुटुंबाची खरी गरज आणि समाजाची मोठी सेवा ही विश्रांतीच्या नियमातून सूट मिळण्याची योग्य कारणं आहेत असं कॅटेकिझम (चर्चच्या शिकवणुकीचा अधिकृत ग्रंथ) परिच्छेद २१८५ मध्ये सांगतो. लगेच असंही बजावतो की त्या सवलतीची सवय लागून धर्म, कुटुंब आणि आरोग्य यांचं नुकसान होऊ नये.

आठवडाभर दुसरीकडे नोकरी करून फक्त शनिवार-रविवारी शेत पाहणाऱ्यांची अडचण खरी आहे. त्यांनी आपल्या धर्मगुरूंशी मोकळेपणाने बोलावं. कलम १२४५ प्रमाणे योग्य कारण असेल तर धर्मग्रामाचे प्रमुख धर्मगुरू सूट देऊ शकतात.

६. रस्ता बंद झाला, किंवा दाट धुक्यात काही दिसतच नाही. मिस्सा चुकली तर गंभीर पाप लागतं का?

नाही. अशक्य गोष्टीचं बंधन चर्च घालत नाही. आजारपण, तान्ह्या बाळांची देखभाल यांसारख्या गंभीर कारणाने माणूस या बंधनातून मोकळा होतो असं कॅटेकिझम २१८१ मध्ये स्पष्ट आहे. जीव धोक्यात घालून घसरड्या रस्त्यावर मुलांना नेणं ही भक्ती नव्हे.

‘थंडी आहे’ आणि ‘जाता येत नाही’ यांतला फरक ज्याचा त्याने प्रामाणिकपणे ओळखायचा. साधी कसोटी अशी: त्याच हवेत तुम्ही दूध घालायला किंवा बाजाराला गेला असतात का? गेला असतात, तर मिस्सेलाही जाता येईल. शनिवारी संध्याकाळच्या मिस्सेनेही रविवारचं बंधन पूर्ण होतं, म्हणून हवामानाचा अंदाज शुक्रवारीच पाहून ठेवा.

७. मग अशा रविवारी घरी काय करायचं? ऑनलाइन मिस्सा चालते का?

ऑनलाइन किंवा दूरदर्शनवरची मिस्सा पाहिल्याने बंधन पूर्ण होत नाही. पण जाणं अशक्य असेल तेव्हा बंधनच उरलेलं नसतं, त्यामुळे त्याची चिंता नको. अशा वेळी व्यक्तीने किंवा कुटुंबाने पुरेसा वेळ प्रार्थनेत घालवावा, अशी जोरदार शिफारस कलम १२४८ च्या दुसऱ्या भागात आहे.

आमच्याकडे पद्धत अशी की सगळे स्वच्छ कपडे घालून टेबलाशी बसतात. एक जण त्या रविवारची वाचनं वाचतो, शुभवर्तमान उभं राहून ऐकतात, मग प्रत्येक जण एक विनंती मोठ्याने मांडतो. लहान मुलं बहुधा आजारी कोकरासाठी किंवा हरवलेल्या मांजरासाठी मागतात, तीही तितकीच मनापासून घ्यावी. शेवटी प्रभूची प्रार्थना आणि आध्यात्मिक ख्रिस्तप्रसाद, म्हणजे भाकर प्रत्यक्ष न घेता येशूला मनात बोलावण्याची प्रार्थना. अर्धा तास पुरतो.

८. नेमकी नाताळच्या रात्री गाय किंवा मेंढी विणार असेल तर?

मध्यरात्रीचीच मिस्सा हवी असा नियम नाही. नाताळसाठी चार मिस्सा नेमलेल्या आहेत: आदल्या संध्याकाळची, रात्रीची, पहाटेची आणि दिवसाची. यांतल्या कोणत्याही एकीने बंधन पूर्ण होतं. म्हणून घराची वाटणी करा. एक गट २४ च्या संध्याकाळी जाईल, दुसरा सकाळी. जनावरापाशी नेहमी एक जाणतं माणूस राहील. घरात एकच जाणतं माणूस असेल आणि वीण अडलेली असेल, तर ते गंभीर कारण आहे.

वेळ नंतरही लागतो, तो गृहीत धरा. थंडीत ओलं वासरू किंवा कोकरू झपाट्याने गार पडतं. आईला चाटू द्या. ती चाटत नसेल तर गोणपाटाने खसाखसा पुसा, नाक-तोंड मोकळं करा, खाली जाड कोरडा पेंढा घाला. पहिल्या दोन तासांत चीक, म्हणजे विल्यानंतरचं पहिलं दूध, पोटात गेला पाहिजे. वासराला त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका चीक पहिल्या काही तासांत मिळावा. रोगाशी लढण्याची ताकद त्याला आईच्या पोटातून मिळत नाही, ती या चिकातूनच येते, आणि दिवस उलटला की आतडं ती शोषून घेत नाही. कोकराच्या तोंडात बोट घालून पाहा. तोंड गार लागलं तर त्याला आधी ऊब द्या, मग पाजा.

नराला दाखवलेल्या गायी-मेंढ्यांच्या तारखा लिहून ठेवत असाल, तर पुढच्या वर्षी वीण सणाच्या आठवड्यात न येण्याची सोय आधीच करता येते. मेंढीचा गाभणकाळ सुमारे १४७ दिवसांचा, शेळीचा १५० आणि गाईचा साधारण २८० दिवसांचा.

९. शुक्रवार आणि उपासाचे दिवस: दिवसभर थंडीत अंगमेहनत करणाऱ्यांनी किती पाळायचं?

दोन नियम वेगवेगळे आहेत आणि गोंधळ तिथेच होतो. मांसवर्जन चौदा वर्षं पूर्ण झालेल्यांसाठी आहे, तेही वर्षातल्या सगळ्या शुक्रवारी आणि राखेच्या बुधवारी. काही देशांत मात्र बिशप परिषदेने प्रायश्चित्तकाळाबाहेरच्या शुक्रवारी दुसरं प्रायश्चित्त करायला परवानगी दिली आहे. उपास म्हणजे दिवसात एकच पोटभर जेवण आणि दोन वेळा थोडं खाणं. तो फक्त राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोनच दिवशी बंधनकारक आहे, आणि १८ ते ५९ वर्षं वयाच्या लोकांनाच. अंडी, दूध, दुधाचे पदार्थ मांसवर्जनात चालतात.

आजारी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी उपास करू नये. जड कष्टाचं काम करणाऱ्यांनाही उपासातून सवलत मिळते, असं नीतिधर्मशास्त्र पूर्वीपासून मानत आलं आहे. ओंडके ओढणाऱ्या माणसाने भोवळ येईपर्यंत उपाशी राहू नये. पण सवलत घेतली तर मांसवर्जन तरी पाळावं आणि एखादं प्रेमाचं काम जास्त करावं, असं मला वाटतं. शुक्रवारी महासण (सगळ्यांत वरच्या दर्जाचा सण) आला तर मांसवर्जन नसतं. २०२६ चा नाताळ आणि २०२७ चा १ जानेवारी दोन्ही शुक्रवारी आहेत, तेव्हा काळजी नको.

१०. सजावट आणि गव्हाणी कधी मांडायची? मुलं नोव्हेंबरपासूनच मागे लागतात.

आगमनकाळ वाट पाहण्याचा आहे, म्हणून हळूहळू मांडा. पहिल्या रविवारी मेणबत्त्यांचं चक्र, तीन जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारची एक गुलाबी. मधल्या आठवड्यात रिकामा गोठा. १७ डिसेंबरपासून जनावरं आणि मेंढपाळ. बाळ येशू मात्र २४ च्या रात्रीच ठेवायचा. तीन राजे दूरच्या खिडकीत ठेवून रोज थोडे पुढे सरकवा, ६ जानेवारीला ते पोहोचतील. शेतावरच्या मुलांना वाट पाहणं शिकवावं लागत नाही. गाभण जनावराची वाट ती रोज पाहतच असतात, त्याच भाषेत त्यांच्याशी बोला.

बैल आणि गाढव शुभवर्तमानात नाहीत, हे मुलं कधीतरी विचारतीलच. ती दोघं आली आहेत यशयाच्या पहिल्या अध्यायातून: बैल आपल्या धन्याला ओळखतो, गाढव आपल्या धन्याची गव्हाण ओळखतं. संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो इथे खरा चारा, खरा बैल आणि खरं गाढव आणून नाताळ साजरा केला. म्हणून तुमच्या खऱ्या गोठ्यात २४ च्या संध्याकाळी सगळ्यांनी उभं राहून लूकचा दुसरा अध्याय वाचायला काहीच हरकत नाही. उलट ज्यांच्याकडे गव्हाण आहे त्यांनी हे जरूर करावं.

एक इशारा: गोठ्यात पेटती मेणबत्ती नेऊ नका, एका मिनिटासाठीसुद्धा. सुका पेंढा क्षणात पेट घेतो. बॅटरी न्या. घरातलं हिरव्या पानांचं चक्रही तिसऱ्या आठवड्यापर्यंत खडखडीत वाळतं, तेव्हा पानं बदला आणि पेटत्या मेणबत्त्या सोडून खोलीबाहेर जाऊ नका. बंद खोलीत निखाऱ्यांची शेगडी ठेवून झोपणं तर जीवघेणं आहे. त्या धुराला वास नसला तरी त्यातला कार्बन मोनॉक्साइड मारतो.

११. मुलांना थंडीत कामाला लावणं बरोबर आहे का? शाळा, धर्मशिक्षण आणि वर गोठा!

वयाला झेपेल एवढं काम मुलांचं भलंच करतं. पाच-सहा वर्षांचं मूल अंडी गोळा करतं, आठ-नऊ वर्षांचं कोंबड्यांचं पाणी बदलतं, बाराचं वासराला पाजतं. काम त्यांच्या नावावर असावं, म्हणजे ती त्या जनावराला जबाबदार असतात. पण बुटात पाणी गेलेलं, बोटं बधिर झालेलं मूल गोठ्यात उभं असेल, तर काम तिथेच थांबवा. आणि धर्मशिक्षणाच्या वर्गाचा वेळ शेताने कधीच खाऊ नये. हे ठरवायला मी कोण, असं कोणी विचारेल. पण शेतकामामुळे पहिल्या ख्रिस्तप्रसादाची तयारी अर्धवट राहिलेली मुलं मी पाहिली आहेत, आणि ती उणीव पुढे भरून काढणं कठीण जातं.

१२. आजी-आजोबांना थंडीत बाहेर नेता येत नाही. त्यांचं काय?

आगमनकाळ सुरू होण्याआधीच धर्मगुरूंना निरोप द्या. आपणहून कळेल म्हणून थांबू नका. ख्रिस्तप्रसाद घरी आणता येतो, धर्मगुरू नाही तर नेमलेले सेवकही आणतात. पापनिवेदन आणि आजाऱ्यांचा अभ्यंगसंस्कार (पवित्र तेल लावण्याचा विधी) यांसाठी मात्र धर्मगुरूच लागतात. अभ्यंगसंस्कार शेवटच्या घटकेसाठी राखून ठेवायचा नसतो. आजाराने किंवा वार्धक्याने जिवाला धोका सुरू झाला की तो घ्यावा. ख्रिस्तप्रसादाआधीचा एक तासाचा उपास वृद्धांना, आजाऱ्यांना आणि त्यांची सेवा करणाऱ्यांना लागू नाही.

धर्मगुरू येतील त्या दिवशी खाटेजवळ स्वच्छ कापड, क्रूस, दोन मेणबत्त्या आणि आशीर्वादित पाणी ठेवा.

१३. बाळ हिवाळ्यात जन्मलं. बाप्तिस्मा उन्हाळ्यापर्यंत पुढे ढकलावा का?

नको. पहिल्या काही आठवड्यांत बाप्तिस्मा करण्याची आईवडिलांची जबाबदारी कलम ८६७ मध्ये आहे. थंडीचा उपाय विधीतच दिला आहे: हवामान तसं असेल तर पाणी आधी कोमट करून घ्यावं. धर्मगुरूंना फक्त आठवण करा. बाळाच्या जिवाला धोका असेल, तर कोणीही व्यक्ती डोक्यावर पाणी ओतत ‘मी तुला पित्याच्या व पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देतो’ असं म्हणून बाप्तिस्मा देऊ शकते. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला हे पाठ असावं.

१४. जनावरांना, घराला आशीर्वाद कोणी द्यायचा? धर्मगुरू दूर राहतात.

धर्मगुरू किंवा डीकन (धर्मगुरूंच्या खालच्या पायरीचे दीक्षित सेवक) येऊ शकत असतील तर उत्तमच. १७ जानेवारी हा त्यासाठी चांगला मुहूर्त. पण १९८४ च्या आशीर्वाद-विधीत जनावरांचा आशीर्वाद, नाताळच्या गव्हाणीचा आशीर्वाद असे काही विधी घरातल्या मोठ्यांनीही करता येतील असे दिले आहेत. अशा वेळी हात पसरून धर्मगुरूंसारखा क्रूस काढायचा नसतो. हात जोडून देवाकडे मागायचं.

प्रभुप्रकटनाच्या दिवशी आशीर्वादित खडूने चौकटीवर वर्षाचे अंक आणि मध्ये सी, एम, बी ही तीन अक्षरं लिहितात. ‘ख्रिस्त या घराला आशीर्वाद देवो’ या लॅटिन वाक्याची ती आद्याक्षरं. गोठ्याच्या दारावरही लिहा. २ फेब्रुवारीच्या मेणबत्त्या जपून ठेवा. घरी आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद येईल तेव्हा त्याच उपयोगी पडतात (प्रश्न १२).

१५. थंडीत दूध आटतं, कोंबड्या अंडी कमी घालतात, हातात पैसा नाही. नाताळ कसा करायचा, आणि दान कुठून द्यायचं?

कोंबडीला नीट अंडी घालायला सुमारे चौदा तास उजेड लागतो, दिवस लहान झाले की अंडी कमी होणारच. हे आजारपण नाही, आणि तुमचा दोषही नाही. कर्ज काढून नाताळ करू नका. मुलांना हे मोकळेपणाने सांगा, ती समजून घेतात.

दान पैशातच द्यावं असं नाही. एकट्या राहणाऱ्या शेजाऱ्याची लाकडं फोडून देणं, बाळंतिणीच्या घरी दूध पोहोचवणं, धर्मग्रामातल्या म्हाताऱ्यांना मिस्सेला गाडीतून नेणं हेही दानच आहे. मंदिरात दोन छोटी नाणी टाकणाऱ्या विधवेला येशूने सगळ्यांहून जास्त दिलं असं म्हटलं. आणि तुमच्याच घरात कमी असेल, तर धर्मगुरूंना सांगा. मदत घेणाऱ्यालाही चर्चमध्ये मानाची जागा आहे.

१६. जोडीदार कॅथोलिक नाही. रविवारी तो किंवा ती काम करत राहते. भांडणं होतात.

रविवारची विश्रांती आणि मिस्सा हे तुमचं बंधन आहे, जोडीदाराचं नाही. त्याच्यावर लादू नका. जाण्याआधी सकाळचा गोठा तुम्ही उरका, म्हणजे तुमच्या मिस्सेचा भार त्याच्यावर पडणार नाही. दुपारचं जेवण मात्र सगळ्यांनी एकत्र घ्यायचं, एवढं एक मागा. बहुतेक जण तेवढं आनंदाने देतात.

१७. नाताळ शनिवारी आला तर एकाच मिस्सेत दोन्ही होतात का?

नाही. २०२७ साली असंच होणार आहे: शनिवारी नाताळ, रविवारी पवित्र कुटुंबाचा सण. बंधनं दोन, मिस्सा दोन. शुक्रवारी संध्याकाळी किंवा शनिवारी दिवसा एक, आणि शनिवारी संध्याकाळी किंवा रविवारी दुसरी. शनिवार संध्याकाळची एकच मिस्सा दोन्हींसाठी मोजता येत नाही. वाटणी कशी करायची ते प्रश्न ८ मध्ये आहे.

१८. राखेच्या बुधवारी जनावर कापण्याचं ठरलं आहे. चालेल का?

काम करण्यावर त्या दिवशी बंदी नाही, खाण्यावर आहे. कापण्याची तारीख दुसऱ्याच्या हातात असेल तर कापा, मांस ठेवा, गुरुवारी खा. पण घरी सोयीचा दिवस निवडता येत असेल तर बदला. तसल्या दिवशी दमलेली माणसं आणि चुलीवरचा वास, यांत कोणाला तरी मोह होतोच. २०२७ साली राखेचा बुधवार १० फेब्रुवारीला आहे, आत्ताच लिहून ठेवा. आणि दिवस कोणताही असो, जनावराला विनाकारण वेदना होता कामा नयेत. कॅटेकिझम २४१८ मध्ये हे मानवी प्रतिष्ठेच्या विरुद्ध म्हटलं आहे.

१९. आम्ही दक्षिण गोलार्धात आहोत. आमचा हिवाळा जून ते ऑगस्ट. हे सगळं आम्हाला कसं लागू होणार?

उपासना-वर्ष जगभर एकच आहे, तुमचा नाताळ भर उन्हाळ्यातच येणार. पण रविवार, रस्ता बंद होणं, वीण, आजारी माणसं याबद्दलची उत्तरं (प्रश्न ३ ते ८ आणि ११ ते १३) तुम्हालाही तशीच लागू होतात. तुमच्या थंडीत पवित्र हृदयाचा सण, २४ जूनला संत योहान बाप्तिस्ता, २९ जूनला संत पेत्र आणि पौल आणि १५ ऑगस्टला मरियेचं स्वर्गोन्नयन हे सण येतात. बाकी बहुतेक दिवस सामान्यकाळाचे, म्हणजे कोणत्याही खास काळात न मोडणारे, त्यामुळे लांब संध्याकाळी एखादं शुभवर्तमान सलग वाचून काढायला तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त मोकळीक मिळते. मार्कपासून सुरुवात करा, ते सगळ्यांत लहान आहे: सोळा अध्याय, रोज एक घेतला तर अडीच आठवड्यांच्या आत संपतं.